सागवानाच्या व्यापारमूल्याची तुलना : ब्रह्मदेश आणि सयाम

निगडीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या लाकडाच्या वखारीत सागवानाची जात विचारली, तर ‘सी. पी.’ आणि ‘बर्मा’ ही दोन नावे अजूनही ऐकू येतात. पहिले नाव ज्या मध्यप्रांतावरून पडले, तो प्रांत त्या नावाने १९५० नंतर उरलेला नाही. दुसरे नाव ज्या देशावरून पडले, त्याने १९८९ साली आपले इंग्रजी नाव बदलून ‘म्यानमार’ असे केले आणि १ एप्रिल २०१४ पासून आपल्या जंगलातील ओंडके परदेशी पाठविणेही बंद केले. तथापि वखारीतील बोली बदलली नाही. देशाचे नाव हे मालाच्या प्रतीचे नाव होऊन बसले, की देशाचे पुढे काय झाले याची दखल बाजार सहसा घेत नाही.

बाजारातील नावांविषयी ग्राहकाने जी सावधगिरी बाळगावी, तीच व्यापाराचे आकडे वाचणाऱ्या अभ्यासकानेही बाळगावयास हवी, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन देशांच्या एकाच निर्यातमालाचे मूल्य वर्षानुक्रमे मांडावयाचे, दोन रेषा शेजारी शेजारी काढावयाच्या आणि ‘अमुक देश पुढे गेला, अमुक मागे पडला’ असा निष्कर्ष काढावयाचा, ही पद्धती आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतून पुष्कळदा आढळते. ही पद्धती मुळात चुकीची नाही. परंतु तीत गृहीत धरलेल्या चार गोष्टी, म्हणजे देशाची सीमा, मालाचे माप, नाणे आणि वर्ष, या सर्व काळ स्थिर राहिल्या असे मानले जाते. सागवानाच्या बाबतीत यांपैकी एकही स्थिर राहिलेली नाही.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. व्यापारी विवरणांत ‘कठीण लाकूड’ ही संज्ञा वनस्पतिशास्त्रीय अर्थाने येते. रुंद पानांच्या वृक्षांचे ते कठीण आणि सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ, असा हा भेद आहे. त्यामुळे नखाने ओरखडा उठावा इतके मऊ असलेले सावरीचे लाकूडही ‘कठीण’ वर्गात पडते आणि यंत्रांच्या खोक्यांना लागणारे पाइनचे लाकूड ‘मऊ’ वर्गात. कठीण लाकडाच्या एकत्रित आकड्यांत साग, मेरांटी आणि हलके जंगली लाकूड एकाच रकान्यात येत असल्याने, एकाच जातीचे लाकूड घेऊन तुलना करणे अधिक सुरक्षित होय. येथे सागाची निवड त्यामुळे केली आहे. साग हा भारत, ब्रह्मदेश, सयाम (थायलंड) व लाओस या चार देशांतच निसर्गतः वाढतो, आणि त्यांपैकी ब्रह्मदेश व सयाम हे दोन देश दीर्घकाळ त्याचे मोठे निर्यातदार होते.

या व्यापाराचा मुंबईशी असलेला संबंध जुना आहे. १७३६ साली सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली जहाजे मुख्यतः मलबारच्या सागाची होती. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. या मागणीमुळे मलबारची जंगले इतक्या त्वरेने विरळ झाली, की १८०६ साली तेथे कॅप्टन वॉटसन यांस वनसंरक्षक नेमावे लागले. ते पद १८२३ मध्ये रद्द झाले, आणि १८४० नंतरच्या दशकात कॉनोली यांना निलंबूर येथे सागाची लागवडच सुरू करावी लागली. दरम्यान १८२६ मध्ये तेनासरीम आणि १८५२ मध्ये पेगू हे ब्रह्मी प्रांत इंग्रजांच्या हाती आले होते. १८५६ मध्ये पेगूच्या जंगलांवर डीट्रिख ब्रांडिस यांची नेमणूक झाली. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली, आणि सागवानाच्या व्यापाराचे केंद्र मलबारहून रंगून व मौलमीनकडे सरकले.

पुढे १८८५ मध्ये जे घडले, त्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. मंडालेच्या राजसभेने या कंपनीवर असा आरोप ठेवला, की निंग्यानच्या जंगलातून तिने जितके ओंडके नेल्याचे दाखविले त्याहून कितीतरी अधिक प्रत्यक्षात नेले आणि राजभाग बुडविला. सुमारे तेवीस लक्ष रुपयांचा दंड फर्माविण्यात आला. इंग्रज सरकारने दंडाचा हुकूम मानला नाही, निर्वाणीचा खलिता धाडला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. युद्धाची कारणे अर्थातच अनेक होती आणि त्यांत फ्रेंचांच्या हालचालींचे भय हे एक प्रमुख होते. परंतु निमित्त मात्र दोन वह्यांतील ओंडक्यांची संख्या जुळत नाही, हेच होते. पदच्युत राजा थिबा यास रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. तेथेच १९१६ साली त्याचा मृत्यू झाला, आणि १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधून पूर्ण झालेला राजवाडा आजही उभा आहे. निर्यातीच्या नोंदींतील तफावत ही केवळ संख्याशास्त्राची बाब नसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर सापडणे कठीण.

आता पहिल्या गृहीताकडे, म्हणजे सीमेकडे वळू.

सयामच्या उत्तरेकडील जंगलांतील पाणी दोन दिशांना जाते. पिंग, वांग, योम व नान या नद्यांवाटे सोडलेला ओंडका चाओ प्राया नदीतून बँकॉकला पोहोचतो. पश्चिमेकडील डोंगरात तोडलेला ओंडका मात्र साल्विन नदीत पडून ब्रह्मदेशातील मौलमीन बंदरास लागतो. एकोणिसाव्या शतकात चिआंगमाईच्या जंगलातील सागाचा मोठा भाग या दुसऱ्या वाटेने गेला. त्या जंगलांचे ठेके घेणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांचे तंटे इतके वाढले, की १८७४ आणि १८८३ साली ब्रिटिश सरकार व सयाम यांच्यात त्यासंबंधी तह करावे लागले. हा साग सयामच्या भूमीवर वाढलेला असूनही जहाजावर चढला तो ब्रिटिश ब्रह्मदेशात, आणि निर्यातीच्या विवरणांत मौलमीनच्या खाती जमा झाला. तेनासरीमची स्वतःची जंगले इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही दशकांतच बेसुमार तोडीने खालावली होती. तरीही मौलमीनचा व्यापार भरभराटीत राहिला, याचे कारण साल्विनच्या वरच्या अंगास, करेनी आणि सयामी मुलखात, शोधावे लागते. बंदराचे आकडे हे बंदराचे असतात, जंगलाचे नसतात, हा या उदाहरणाचा बोध होय.

सीमेचा दुसरा घोटाळा खुद्द भारताशी निगडित आहे. १८८६ पासून सर्व ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. त्यामुळे रंगूनहून लंडनला गेलेला साग ‘हिंदुस्थानची निर्यात’ म्हणून नोंदला जाई. रंगूनहून मुंबईस आलेला साग मात्र परदेशी व्यापारात मुळीच येत नसे. त्याची गणना किनारी व्यापारात होई. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून राजकीय दृष्ट्या अलग झाला आणि एका रात्रीत हाच माल परदेशी आयात ठरला. केवळ परदेशी व्यापाराची विवरणे पाहणाऱ्यास असे दिसेल, की १९३७ पर्यंत हिंदुस्थान हा सागाचा बलाढ्य निर्यातदार होता आणि त्यानंतर अकस्मात मोठा आयातदार झाला. वस्तुतः त्या वर्षी झाडांचे, गिरण्यांचे वा मुंबईतील गिऱ्हाइकांचे काहीच बदलले नव्हते. बदलली ती नोंदवहीची पाने. म्हणून १९३७ पूर्वीच्या किनारी व्यापाराची आणि त्यानंतरच्या आयातीची विवरणे जोडूनच मुंबईच्या सागाची अखंड मालिका तयार करावी लागते. १९४२ ते १९४५ या जपानी अमलाच्या काळात तर ती मालिका तुटतेच, आणि तो खंड अनुमानाने भरून काढण्यापेक्षा मोकळा ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे.

दुसरे गृहीत मापाचे. सागाच्या ओंडक्याचे माप परंपरेने चतुर्थांश घेराच्या रीतीने घेतले जाते. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीने गुणावयाचे, ही ती हॉपस पद्धती. सहा फूट घेराचा आणि वीस फूट लांबीचा ओंडका घेतला, तर या रीतीने ४५ घनफूट भरतात. वर्तुळाच्या खऱ्या क्षेत्रफळावरून काढल्यास त्याच ओंडक्यात सुमारे ५७.३ घनफूट लाकूड असते. म्हणजे हॉपस माप हे खऱ्या मापाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के होय. व्यापारात ५० घनफुटांचा एक टन धरीत. परंतु तो टन हॉपस असेल तर त्याचे सुमारे १.८० घनमीटर होतात आणि खऱ्या घनफुटांचा असेल तर १.४२ घनमीटर. एका देशाची मालिका एका टनात आणि दुसऱ्याची दुसऱ्या टनात असेल, तर प्रतिटन किमतीत पाव हिश्श्याहून अधिक फरक केवळ मापामुळे दिसेल.

मापाबरोबर प्रतीचाही विचार करावा लागतो. ओंडका, चौरस केलेली तुळई आणि फळी यांची किंमत एकच नसते. युरोपी बाजारासाठी निवडलेल्या चौरस तुळया हा तर व्यापारात स्वतंत्र वर्ग मानला जाई. शिवाय आंतरराष्ट्रीय सांकेतिक वर्गीकरण १९८८ पासून अमलात आले तरी २०२२ च्या सुधारणेपूर्वी ओंडक्यांच्या वर्गात सागाला स्वतःचे सहाअंकी स्थान नव्हते. तो अन्य उष्णकटिबंधीय लाकडांबरोबर गणला जाई. या काळातील ‘सागाचे’ आंतरराष्ट्रीय आकडे म्हणून जे पुढे ठेवले जाते, ते नेमके कशाचे आहे हे प्रत्येक वेळी तपासणे अगत्याचे आहे.

तिसरे गृहीत नाण्याचे. १८७३ नंतर चांदीचा भाव सोन्याच्या तुलनेने घसरू लागला. हिंदुस्थानचा रुपया आणि सयामचा टिकल ही दोन्ही नाणी चांदीची असल्याने प्रथम दोन्ही बरोबरच घसरली. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या, आणि शतक संपण्यापूर्वी रुपया पौंडास पंधरा या दरावर स्थिरावला. सयामने हे पाऊल १९०२ साली टाकले. मधल्या नऊ वर्षांत टिकल चांदीबरोबर राहिला आणि रुपया तिच्यापासून सुटला. या वर्षांत बँकॉकच्या सागाचे मूल्य टिकलांमध्ये रंगूनच्या रुपयांतील मूल्यापेक्षा वेगाने वाढलेले दिसले, तर ती वाढ सागाची किती आणि चांदीची किती, हे वेगळे काढल्याखेरीज बोलता येत नाही.

अलीकडच्या काळात हा दोष ब्रह्मदेशाच्या बाजूस अधिक तीव्र झाला. तेथील क्यातचा अधिकृत दर कित्येक दशके डॉलरला सुमारे सहा क्यात इतका ठेवण्यात आला होता, आणि खुल्या बाजारातील दर त्याच्या शंभर पटींहूनही पुढे गेला होता. १ एप्रिल २०१२ रोजी अधिकृत दर ८१८ वर आणण्यात आला. अधिकृत दराने केलेली क्यात व डॉलर यांची अदलाबदल २०१२ पूर्वीच्या मालिकेत निरुपयोगी ठरते. आपल्याकडेही ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, आणि आयात तितकीच राहिली तरी तिचे रुपयांतील मूल्य दीडपटीहून अधिक झाले.

चौथे गृहीत वर्षाचे, आणि ते सर्वांत सहज दुर्लक्षिले जाते. सयामचे वर्ष १९४० पर्यंत एप्रिलपासून सुरू होई. १९४१ पासून ते जानेवारीपासून सुरू करण्यात आले, त्यामुळे बौद्ध संवत २४८३ हे वर्ष नऊच महिन्यांचे झाले. त्या वर्षीची निर्यात चतुर्थांशाने घटलेली दिसली तर त्यात नवल नाही. म्यानमारनेही आपले आर्थिक वर्ष २०१८ मध्ये ऑक्टोबरपासून आणि २०२२ मध्ये पुन्हा एप्रिलपासून सुरू केले. याखेरीज सागाला स्वतःचे असे एक कालमान आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून खोडाभोवती वलय छेदून झाड उभ्याउभ्याच वाळवावे लागते. त्यास सुमारे तीन वर्षे लागतात, नंतर तोड होते, नंतर हत्तींकरवी ओढून ओंडके ओढ्यांत आणले जातात आणि पुराची वाट पाहत नदीवाटे खाली जातात. बंदरातून एखाद्या वर्षी निघालेल्या मालाचा निर्णय जंगलात त्यापूर्वी कित्येक वर्षे झालेला असतो. त्या वर्षीच्या निर्यातीची सांगड त्याच वर्षीच्या भावाशी घालणारा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो.

एवढे दोष पाहिल्यावर तुलना करणेच सोडून द्यावे काय? तसे मुळीच नाही. प्रथम परिमाण आणि मूल्य यांच्या मालिका वेगळ्या ठेवून परिमाण घनमीटरमध्ये आणावे, आणि मूल्यास परिमाणाने भागून एकक मूल्य काढावे. नंतर विकणाऱ्या देशाच्या निर्यातीपुढे घेणाऱ्या देशाची आयात ठेवावी. यात निर्यात जहाजापर्यंतच्या मूल्याने आणि आयात भाडे व विमा धरून नोंदली जाते, एवढा फरक गृहीत धरावा. त्यापलीकडे परिमाणातच तफावत निघाली, तर ती संशोधनाचा विषय होय. शेवटी दोन्ही देशांचा माल शक्यतो एकाच बंदरावरून व एकाच नाण्यात पाहावा. आपल्या अभ्यासकांना मुंबई हे असे बंदर सहज उपलब्ध आहे.

अशा दृष्टीने पाहिले असता दोन्ही देशांच्या इतिहासात एक समान क्रम दिसतो. ब्रह्मदेशात ब्रांडिस यांच्यापासून आणि सयाममध्ये १८९६ साली हर्बर्ट स्लेड यांच्या हाताखाली वनखाते स्थापन झाल्यापासून तोडीवर काही मर्यादा आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हीकडे सरकारी संस्था पुढे आल्या. थायलंडमध्ये १९४७ साली वन उद्योग संस्था निघाली, आणि ब्रह्मदेशात १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर राज्य लाकूड मंडळ आले. यापुढे मात्र दोघांच्या वाटा भिन्न झाल्या. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात आलेल्या महापुराबरोबर डोंगरांवरील तोडलेले ओंडके गावांवर येऊन आदळले, मोठी प्राणहानी झाली, आणि जानेवारी १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातील व्यापारी तोड देशभर बंद करण्यात आली. सागाची जंगले उत्तरेकडे आणि पूर दक्षिणेकडे, तरीही बंदी सर्वांस लागू झाली.

थायलंडमधील तोड थांबली, पण तेथील गिरण्यांची भूक थांबली नाही. लगेच पुढील काही वर्षे थाई कंपन्यांना ब्रह्मदेशाच्या सीमेलगत तोडीचे ठेके मिळाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सयामचा साग ब्रह्मदेशाच्या खात्यावर जमा होत होता, आता ब्रह्मदेशाचा साग थायलंडच्या गिरण्यांत जाऊ लागला. या काळात एका देशाच्या निर्यातमूल्याची रेषा खाली येते आणि दुसऱ्याची वर चढते. दोन रेषा शेजारी ठेवणारा यास स्पर्धेतील जयपराजय म्हणेल. प्रत्यक्षात तो एकाच मागणीचा एका जंगलातून दुसऱ्या जंगलात झालेला प्रवास होता. २०१४ मध्ये म्यानमारनेही ओंडक्यांची निर्यात थांबविली, तेव्हा ओंडक्यांच्या सदरातील मूल्य कोसळले. परंतु कापीव लाकडाची निर्यात चालूच राहिली, आणि दोन्ही सदरे एकत्र पाहिल्याखेरीज जंगलावरील भार किती हलका झाला हे कळत नाही. २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर अमेरिका व युरोपीय संघ यांनी तेथील सरकारी लाकूड संस्थेवर निर्बंध घातले, त्यामुळे व्यापाराच्या वाटा पुन्हा बदलल्या.

येथे मूल्य या शब्दाविषयी शेवटचा इशारा देणे प्राप्त आहे. समजा, एखाद्या देशाची सागनिर्यात निम्म्यावर आली आणि भाव तिप्पट झाला. एकूण मूल्य दीडपट होईल, व्यापाराची रेषा वर जाईल, आणि अहवालात प्रगतीची नोंद होईल. भाव तिप्पट होण्याचे कारण जंगल संपत आले हेच असेल, तर ती रेषा ऱ्हासाची आहे. व्यापारमूल्य वाढत असताना साधन घटत असू शकते. हे केवळ मूल्याच्या मालिकेतून कधीच दिसत नाही. परिमाण, प्रत आणि सरासरी घेर यांच्या मालिका शेजारी ठेवल्या तरच दिसते. घेर कमी होत जाणे आणि प्रत उतरत जाणे ही जंगल खालावल्याची लक्षणे किमतीच्या वाढीपेक्षा अधिक विश्वसनीय साक्ष देतात.

आपल्या देशातही हेच घडले. राष्ट्रीय वननीती १९८८ मध्ये आली आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोडीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर भारताची लाकडाची गरज अधिकाधिक आयातीने भागू लागली. कांडला बंदर आणि गांधीधामच्या गिरण्या हे या आयातीचे मोठे केंद्र झाले. घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका येथील लागवडीचा साग तेथून देशभर जाऊ लागला. आपण स्वतःची जंगले राखली, हे इष्टच झाले. परंतु त्या राखण्याचा भार कोणावर पडला, हा प्रश्न थायलंडला विचारावा तसा आपणांसही विचारावा लागेल.

म्हणून निगडीच्या परिसरातील विद्यार्थ्याने या विषयाचा आरंभ दूरच्या विवरणांपासून न करता जवळच्या वखारीपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. ‘बर्मा’ म्हणून दाखविलेला ओंडका कोणत्या देशातून, कोणत्या बंदरातून, कोणत्या मापाने आणि कोणत्या सदराखाली आला, एवढे चार प्रश्न त्याने विचारावेत. हेच चार प्रश्न १८८५ साली मंडालेच्या राजसभेने वेगळ्या शब्दांत विचारले होते. त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून दोन देशांच्या व्यापाराची तुलना करणे म्हणजे दोन नोंदवह्यांची तुलना करणे होय. आणि ज्या वृक्षांवरून त्या वह्या भरल्या, त्यांचा इतिहास त्यामुळे अलिखितच राहतो.